ब्रेक कुणाकडे?

न्यू यॉर्कच्या ९० वर्षांहून जुन्या लाकडी रोलर कोस्टरवर किंचाळून आलेल्या एका नातीला इगतपुरीच्या रिटायर्ड गार्ड आजोबांनी एकच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर शोधता शोधता कसारा घाटच वेगळा दिसायला लागला.

‘आजोबा, हे बघा ना!’ म्हणत मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. व्हिडिओ होता कोनी आयलंडच्या ‘सायक्लोन’चा. मागच्या उन्हाळ्यात मामाकडे न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा मामेभावाने हट्टाने नेलं होतं. राइडमध्ये मोबाइल काढायची परवानगी नाही, म्हणून त्याने खाली उभं राहून शूट केलेलं. डबे साखळीवरून हळूहळू वर चढतात, टोकावर क्षणभर रेंगाळतात आणि मग धाडकन खाली. मागच्या डब्यातली, दोन्ही हात वर आणि तोंड उघडं, ती मी.

मला वाटलं, आजोबा म्हणतील, ‘कशाला नसते उद्योग?’ किंवा हसतील तरी. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला. दुसऱ्यांदा मोबाइल कानाला लावून ऐकला. मग म्हणाले, ‘चढताना हा खट-खट आवाज कसला येतोय?’

‘साखळीचा असेल.’

‘साखळीचा नाही. खटक्याचा आहे. डबा मागे घसरू नये म्हणून काहीतरी अडकवत नेतायत.’ आणि पुढे, ‘ते झालं चढताना. उतरताना ब्रेक कुणाकडे?’

मला माहीत नव्हतं. ज्या गोष्टीवर मी बिनधास्त जाऊन बसले, तिचा ब्रेक कुणाच्या हातात आहे हे मी विचारलंही नव्हतं. आजोबांनी मात्र ३३ वर्षं हाच प्रश्न मनात ठेवून नोकरी केली. ते मालगाडीचे गार्ड होते. इगतपुरीहून कसारा घाट उतरणाऱ्या गाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात, हातब्रेकच्या चाकाशेजारी.

पोटातला गोळा

आधी राइडबद्दल सांगते, कारण ती भन्नाट आहे हे मान्य करायलाच हवं. खोपोलीच्या इमॅजिकातल्या ‘नायट्रो’वर मी एफवायला असताना बसले होते. ते पोलादी कोस्टर. वेडंवाकडं, उलटंपालटं करतं, पण लोण्यासारखं गुळगुळीत फिरतं. सायक्लोन एकदाही उलटं करत नाही, तरी जास्त भीती वाटते. कारण ते थरथरतं. हाडं खुळखुळतात. वळणावर सगळा सांगाडा कुरकुरतो आणि तुम्हाला खरंच वाटतं की आज हे पडणार.

सायक्लोन १९२७ साली सुरू झालं. गंमत म्हणजे त्याचे खांब पोलादाचे आहेत. तरीही ते ‘वुडन कोस्टर’च, कारण रूळ लाकडाचा आहे. जाड फळ्या एकावर एक ठोकून रुळाची वाट तयार करतात आणि चाक जिथून फिरतं तिथे वरून पोलादाची पट्टी बसवतात. लाकूड दाब पडला की किंचित वाकतं, दमट हवेत फुगतं, उन्हात सुकतं. त्यामुळे लाकडी कोस्टर सकाळी वेगळं धावतं आणि दुपारी ग्रीस गरम झाल्यावर वेगळं. याच कारणाने जुन्या लाकडी कोस्टरवर रोज सकाळी माणसं रुळावरून चालत जातात. खिळे, बोल्ट, फळ्या बघतात, ठोकतात, बदलतात. हे सांगितल्यावर आजोबा पहिल्यांदा खूश झाले. ‘म्हणजे आपला कीमनच की!’ घाटात पावसाळ्यात रोज रुळावरून चालणारा, खांद्यावर हातोडा घेतलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर आला असणार.

आणि तो पोटात येणारा गोळा? बारावीचं फिजिक्स आठवा. टोकावर पोचलेल्या डब्याकडे उंचीची ऊर्जा असते. उतरताना तिचा वेग होतो. उतार इतका तीव्र असतो, की रूळ तुमच्या खालून सटकतो आणि क्षणभर सीटचा आधार जाणवतच नाही. त्यात मागच्या डब्यात बसलात तर अजून मजा. पुढचे डबे आधीच खाली निघालेले असतात, ते तुम्हाला टोकावरून अक्षरशः ओढून फेकतात. म्हणून सगळे दर्दी मागे धावतात.

‘मागचा डबा माझाच असायचा,’ आजोबा म्हणाले. ‘पण मी हात वर नाही केले कधी.’

आधी घाट, मग खेळ

आजोबांना उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसले. तेव्हा कळलं, की रोलर कोस्टर हे रेल्वेचंच लाडावलेलं पोर आहे.

तसं मूळ शोधत गेलं तर रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांपर्यंत जाता येतं. लाकडी मचाण, त्यावर बर्फाचा थर, वरून घसरत खाली. पॅरिसमध्ये १८१७ साली त्याला चाकं आणि रुळाची खाच मिळाली. फ्रेंच लोक आजही रोलर कोस्टरला ‘रशियन डोंगर’च म्हणतात. पण आपण ओळखतो ते कोस्टर जन्मलं अमेरिकेत, कोळशाच्या गाडीतून. पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथे १८२७ साली डोंगरावरच्या खाणीतून नदीपर्यंत रूळ टाकले. कोळशाचे डबे इंजिनाशिवाय, नुसत्या उतारावर खाली यायचे. डब्यांवर ब्रेक धरणारा माणूस असायचा. रिकामे डबे वर ओढायला खेचरं होती आणि ती खेचरं खाली येताना चक्क डब्यात उभी राहून यायची. पुढे कोळसा दुसऱ्या वाटेने जायला लागला आणि ही लाइन पर्यटकांसाठीच चालवली जाऊ लागली. लोक पैसे देऊन डोंगरावरून घरंगळायला यायचे.

मग १८८४ साली लामार्कस थॉम्पसन नावाच्या माणसाने कोनी आयलंडला ‘स्विचबॅक रेल्वे’ उभारली. तिकीट ५ सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. आपली ॲक्टिवा यापेक्षा जोरात जाते! तरी रांगा लागल्या. नंतर त्याने याच खेळात खोटे बोगदे आणि रंगवलेले डोंगर घातले आणि त्याला नाव दिलं ‘सिनिक रेल्वे’.

इथे मी थांबले. खोटे बोगदे? रंगवलेले डोंगर? अहो, आमच्या घराच्या मागून खरे बोगदे, खरे डोंगर आणि खरा उतार रोज धडधडत जातो. आणि तोही थॉम्पसनच्या आधीपासून. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्यापर्यंत पोचली होती. तिथून इगतपुरी फक्त १५ किलोमीटर. पण ती गाडी इगतपुरीत आली १ जानेवारी १८६५ ला. म्हणजे १५ किलोमीटरला ४ वर्षं! वाटेत १३ बोगदे, ६ मोठे पूल, एहेगावची १८० फुटांहून खोल दरी आणि एकूण ९७२ फुटांची चढण. सुरुंग लावणारे, दगड वाहणारे, मातीत आणि साथीत मेलेले मजूर कोण होते, त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. त्यांनी हा घाट बांधून पूर्ण केला, तेव्हा कोनी आयलंडचा पहिला कोस्टर यायला अजून १९ वर्षं होती.

दीड अंशाची भीती

कसारा घाटातला सगळ्यात कडक चढ आहे ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. अंशात मोजलं तर साधारण दीड. सायक्लोनचा पहिला उतार ५८ अंशांचा आहे, त्यापुढे दीड म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं. वहीवर हिशेब केला आणि गप्प बसले.

वेग तीव्रतेवर नाही, एकूण उंचीवर ठरतो. सायक्लोनचा मोठा उतार ८५ फुटांचा. घर्षण सोडून दिलं तर त्याने ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग येतो. कसारा घाटाची उंची त्याच्या अकरा पटींहून जास्त. तेच सूत्र लावलं तर येतात ताशी जवळपास २७० किलोमीटर. प्रत्यक्षात घर्षण असतं, वळणं असतात, त्यामुळे गाडी तिथवर पोचणारच नाही, त्याच्या कितीतरी आधी रूळ सोडेल. आणि कोस्टरच्या शेवटी सपाट फलाट असतो. घाटाच्या शेवटी कसारा स्टेशन असतं, लोकल पकडायला उभ्या असलेल्या माणसांनी भरलेलं.

म्हणून चढताना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, हे आपल्याला माहीत असतं. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून धक्का बसतो, चहा सांडतो, ‘बँकर लागला’ असं कुणीतरी म्हणतं. पण खरी कसोटी चढताना नसते, उतरताना असते. इगतपुरीत खाली जाणारी गाडी थांबवून ब्रेक तपासतात. आपण तेवढ्यात वडापाव घेतो.

आणि मग घाटात मध्येच गाडी थांबते, ते आठवतंय? आजूबाजूला धुकं, धबधबे, ना स्टेशन ना काही. आपण वैतागतो, ‘झालं, सिग्नल मिळेना.’ ती जागा असते कॅच सायडिंग. मुख्य रुळातून एक फाटा फुटतो, जो खाली न उतरता डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि संपतो. सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने अलीकडे पूर्ण थांबून दाखवायचं. थांबली, की ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं, मग सांधा खालच्या वाटेला लागतो. नाही थांबली, तर ती आपोआप फाट्यावर जाते आणि चढावर तिचा वेग जिरतो. म्हणजे घाट गाडीवर विश्वास ठेवून सुरू होत नाही. गाडीने विश्वास कमवायचा असतो, प्रत्येक वेळी, नव्याने.

तीन छोट्या शिट्ट्या

एवढं झाल्यावर आजोबांनी ती गोष्ट सांगितली. आजीला माहीत होती, मला नव्हती.

१९७१ चा पावसाळा. रात्रीची भरलेली मालगाडी, ओले रूळ, समोर हात दिसणार नाही असं धुकं. उतरताना त्यांना जाणवलं, गाडी रोजच्यासारखी धरत नाहीये. दिसत काहीच नव्हतं. फक्त चाकांच्या आवाजाची लय वाढत चालली होती. तेवढ्यात पुढून शिट्टी आली. छोटी, छोटी, छोटी. तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे ड्रायव्हर गार्डला म्हणतोय, तुझा ब्रेक लाव.

‘मग?’

‘मग काय. चाक फिरवलं. दोन्ही हातांनी, जेवढं फिरतं तेवढं. आणि मोजत बसलो.’

‘काय मोजत?’

‘रुळाच्या सांध्यांचे ठोके. ठोके लांब लांब पडायला लागले, तेव्हा कळलं, धरली.’

गाडी कॅच सायडिंगच्या अलीकडे थांबली, रोजच्या जागी. सांधा लागला, हिरवा मिळाला, गाडी कसाऱ्याला गेली. कागदावर लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस झोपेत त्यांच्या मुठी आवळलेल्या असायच्या, असं आजी म्हणते.

माझ्या हातातल्या मोबाइलवर मी हात वर करून किंचाळत होते. त्यांच्या मुठी आणि माझे वर गेलेले हात. तोच उतार, तेच गुरुत्वाकर्षण, आणि आमच्या दोघांच्याही पोटात तोच गोळा. फरक इतकाच, की माझ्या वेळी ब्रेक दुसऱ्या कुणाकडे तरी होता.

उत्तर सापडलं

तर, आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

तो खट-खट आवाज खटक्याचाच. जॉन मिलर नावाच्या कोस्टर बनवणाऱ्याने तो शोधला, १९१० च्या सुमारास. साखळी तुटली तरी डबा मागे येऊ नये म्हणून. त्यानेच पुढे डब्याखाली उलटी चाकं बसवली, रुळाला खालून धरणारी. त्यामुळे डबा उडत नाही आणि त्यामुळेच नंतरचे कोस्टर इतके तीव्र उताराचे झाले. म्हणजे आधी पकड आली, मग थरार वाढला.

उतरताना मात्र बहुतेक कोस्टरच्या डब्यांवर ब्रेक नसतोच. ब्रेक रुळावर बसवलेले असतात. शिवाय रूळ तुकड्यांत वाटलेला असतो आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. रेल्वेची ब्लॉक सिस्टिम, जशीच्या तशी उचललेली.

पण काही ठिकाणी तुमच्यासारखा माणूस अजून आहे. मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२ सालची ‘सिनिक रेल्वे’ आहे, जगात सगळ्यात जास्त काळ सलग चाललेल्या लाकडी कोस्टरांपैकी. तिच्यात डब्यांच्या मध्ये एक ब्रेकवाला उभा असतो, प्रत्येक फेरीला. कोपनहेगनच्या तिवोली बागेत १९१४ चं लाकडी कोस्टर आहे, तिथेही गाडीवर ब्रेकवाला. सगळे किंचाळतात, तो बघतो.

आजोबांना हे फार आवडलं. ‘त्याला रेस्ट किती देतात?’ असं त्यांनी विचारलं. गार्डला आता ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, २०२२ पासून. आजोबांना ते नाव अजून पटलेलं नाही.

अजून एक गोष्ट सांगितली त्यांना. जगातलं सगळ्यात जुनं टिकून राहिलेलं लाकडी कोस्टर, १९०२ चं ‘लीप द डिप्स’, अमेरिकेत अल्टूना नावाच्या गावात आहे. त्याची सगळ्यात मोठी उडी फक्त ९ फुटांची, आपल्याकडे जत्रेतला पाळणासुद्धा जास्त घाबरवतो. पण अल्टूना हे गाव कशासाठी प्रसिद्ध आहे? रेल्वेच्या घाटासाठी! १८५४ साली तिथे डोंगर चढायला घोड्याच्या नालेसारखं वळण काढलं. आजही तिथे मालगाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. तिथल्या लोकांचा दिवस घाट चढवण्या-उतरवण्यात गेला आणि संध्याकाळी ते नऊ फुटांवरून उडी मारायला गेले. मला हे इतकं इगतपुरीसारखं वाटलं! नवरात्रात घाटनदेवीच्या जत्रेत पाळण्यात बसायला रांगेत उभे असलेले अर्धे लोक रेल्वेतलेच असतात.

पुढच्या पावसात

येत्या पावसाळ्यात तुमच्यापैकी बरेच जण इगतपुरीला येणार. भावली धरण, उंट दरी, धुकं, मॅगी. येताना घाटात दारात उभं राहून रील काढायचा मोहही होणार. मी काढलेली आहे, खोटं कशाला बोलू? बोगद्यातून बाहेर पडताना एक पाय बाहेर, केस उडतायत, पन्नास-साठ कमेंट. आता तो व्हिडिओ बघितला की आजोबांचा प्रश्न ऐकू येतो. सायक्लोनवर माझ्या मांडीवर दांडी होती, खाली उलटी चाकं होती, सकाळी कुणीतरी फळ्या तपासलेल्या होत्या. दारात यातलं काहीच नव्हतं. भीती तीच, पण धरणारं कुणी नाही. तो थरार नाही, नुसता जुगार.

बाकी घाट मात्र डोळे भरून बघा. खिडकीत बसा. आणि उतरताना मध्येच गाडी थांबली, तर मोबाइल खाली ठेवून बाहेर बघा. डोंगराच्या अंगाला चढत जाणारा, गवताने भरलेला एक रिकामा फाटा दिसेल. त्यावर गाडी गेलेली नाही, याचा अर्थ सगळं नीट चाललंय. आजकालची नवी इलेक्ट्रिक इंजिनं तर उतरताना मोटारीनेच वेग धरतात आणि त्यातून तयार झालेली वीज परत तारेत सोडतात, तीच वीज कदाचित समोरून चढणाऱ्या गाडीला मिळत असेल. आजोबांच्या हातांनी जे केलं, ते आता तारेतून होतं.

आमचं घर स्टेशनच्या मागे आहे. रात्री मालगाडी घाटाकडे निघाली, की टीव्ही चालू असला तरी आजोबा आवाज कमी करतात. पूर्वी मला वाटायचं, त्यांना आवाजाचा त्रास होतो. आता मीही गप्प बसते. चाकांचे ठोके एका लयीत लांब जातात, बोगद्यात शिरतात, ऐकू येईनासे होतात.

मग आजोबा रिमोट माझ्याकडे देतात. ‘हं, लाव आता आवाज.’